कॉर्निंग (न्यूयॉर्क) आणि आसपास : आई-बाबांना घेऊन जावं का?

शेवचिवडा
आई-बाबा आलेत कराडहून, सप्टेंबरपर्यंत आहेत आमच्याकडे न्यू जर्सीत एडिसनला. नायगारा करायचाच आहे, भारतातून आलेल्या आईबाबांचा तो सतरावा संस्कार असतो, चुकवून चालत नाही. पण एका दमात सात तास गाडी हाणण्यापेक्षा मधे कुठंतरी मुक्काम करावा असं चाललंय. नकाशात साधारण मधोमध कॉर्निंग दिसतंय. तिथं काचेचं म्युझियम आहे एवढंच माहितीये. ऑफिसातले लोक म्हणतात दोन तास थांबा, बघा, पुढं निघा.
बाबा चौऱ्याहत्तर, पण चालायला अजून मला ऐकत नाहीत. आईचा गुडघा मात्र बोलतो, पायऱ्या दिसल्या की तिचा चेहराच सांगतो. सोबत एक नऊ वर्षांचं कार्टं आणि एक पंधरा वर्षांची, जिला काहीच आवडत नाही. वॉटकिन्स ग्लेन का काय ते जवळ आहे म्हणे, ते आईला झेपेल का? आणि जेवणाचं काय, दोघंही शाकाहारी.

बफलोकर
दोन तास पुरे. काच बघायची, कॉफी घ्यायची, गाडीत बसायचं. गाव संपतं पाच मिनिटांत.

टपालपेटी
बफलोकर, तुमच्याशी सपशेल असहमत, आणि मी रॉचेस्टरला मुलं लहान होती तेव्हापासून राहतोय, तेव्हा जरा सविस्तर लिहितो.

गाव छोटं आहे हे खरं, वस्ती जेमतेम दहा-अकरा हजार, मधून शमंग नदी, एका बाजूला म्युझियम आणि पूल ओलांडला की मार्केट स्ट्रीट, जुन्या विटांच्या इमारतींचा. पण ह्या एवढ्याशा गावातून काय काय निघालंय ते बघा. काचेची कंपनी १८६८ ला ब्रुकलिनहून इकडे आली, कारण पेनसिल्व्हेनियाचा कोळसा जवळ आणि माल न्यायला कालवा आणि रेल्वे. मग एडिसनच्या दिव्याचे काचेचे फुगे इथं फुंकले गेले (तुम्ही एडिसन गावात राहता, तुम्हाला तर जायलाच हवं). पायरेक्स, म्हणजे उष्णतेनं न तडकणारी काचेची भांडी, १९१५ ची, तीही इथलीच. १९७० मध्ये माउरर, केक आणि शुल्ट्झ ह्या तिघांनी प्रकाश लांबपर्यंत नेईल अशी काचेची तार पहिल्यांदा इथंच काढली, तिच्यावर आज सगळं इंटरनेट चाललंय. आणि मोबाईलची गोरिला ग्लास. तुमच्या पंधरा वर्षांच्या लेकीला एवढं सांगितलं तरी ती मान वर करेल, फोन हातात असेलच.

म्युझियम कंपनीला शंभर वर्षं झाली तेव्हा, १९५१ साली, सुरू झालं. साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या इजिप्तच्या राजाचं काचेचं मुंडकं आहे, बोटाएवढं, लोक त्याच्यासमोरून तसेच पुढं जातात. बॅकरा ह्या फ्रेंच काच कंपनीची एक काचेची नाव आहे जी बिकानेरच्या महाराजांकडे होती, ती सोडू नका. पण मला सगळ्यात आवडते ती कॅलिफोर्नियातल्या पालोमारच्या दुर्बिणीच्या आरशाची फसलेली तबकडी. दोनशे इंच व्यास, वीस टन वजन. १९३४ च्या मार्चमध्ये पहिल्यांदा ओतली, तर मागच्या बाजूला पोकळ खाचा राहाव्यात म्हणून जे ठोकळे साच्यात बसवले होते त्यातले काही उष्णतेनं सुटून काचेवर तरंगायला लागले. झालं, गेली ती. डिसेंबरमध्ये दुसरी ओतली, ती महिनोन् महिने थोडी थोडी थंड करत आणली, आणि मधेच १९३५ च्या जुलैत नदीला पूर आला आणि वीज गेली. तरी ती टिकली, १९३६ ला रेल्वेनं सावकाश कॅलिफोर्नियाला गेली आणि त्याच आरशातून लोकांनी पुढं आकाश बघितलं. म्युझियममध्ये आहे ती पहिली, फसलेली. समोर उभं राहिल्यावर कळतं वीस टन म्हणजे काय.

तिकीट सलग दोन दिवस चालतं आणि १७ वर्षांपर्यंत मुलांना फुकट. दोन तासांत उरकायचं असतं तर त्यांनी दोन दिवसांचं तिकीट कशाला ठेवलं असतं?

बफलोकर
बरं बरं. तीन तास. :)

कोकमसरबत
वॉटकिन्स ग्लेनबद्दल मी सांगते कारण माझ्या सासूबाईंना घेऊन गेले होते आणि घरी येईपर्यंत ऐकून घेतलं. कॉर्निंगहून ४१४ नंबरच्या रस्त्यानं अर्ध्या तासात पोचता. दरीतून वाट आहे दीड मैलाची, १९ धबधबे, ८३२ पायऱ्या. दगडी, आणि कायम ओल्या, कारण दोन ठिकाणी तुम्ही चक्क धबधब्याच्या मागून जाता, वरून पाणी ठिबकत असतं. अप्रतिम आहे, मी तर वेडी झाले, पण गुडघेवाल्यांनी पूर्ण करायचं नाही म्हणजे नाही.

यावर उपाय असा की आईंना खालच्या दारातून फक्त पहिल्या टप्प्यापर्यंत न्या. बोगदा लागतो, पूल लागतो, पुढं कॅव्हर्न कॅस्केड, म्हणजे पाण्यामागून जायचा पहिला धबधबा. पायऱ्या आहेत पण कठड्याला धरून, थांबत थांबत होतं. तिथून परत फिरायचं. आणि ज्यांना पूर्ण करायचंय त्यांनी सीझनमध्ये शटल मिळते तिनं वरच्या दाराला जायचं आणि उतरत यायचं. उतरणं सोपं असं वाटतं पण गुडघ्याला उतारच जास्त लागतो, हे आपल्याकडं सिंहगडावर जाणाऱ्या कुणालाही विचारा.

चप्पल, सँडल नको. बूट, तेही तळ घासलेले नकोत.

टपालपेटी
कोकमसरबत, अगदी बरोबर. त्याच रस्त्याच्या आसपास एक जागा सांगतो जी लोकांना माहीतच नसते. वॉटकिन्स ग्लेनच्या थोडं अलीकडे माँटूर फॉल्स नावाचं गाव आहे. गावातली साधी गल्ली, घरं, झाडं, आणि गल्लीच्या टोकाला एकदम दीडशे फुटांचा धबधबा. शेक्वागा नाव आहे. गाडीतून उतरायचं, बाकावर बसायचं, बघायचं. एकही पायरी नाही. तिकीट नाही. आईंसाठी याहून चांगलं काही नाही.

अधिकउणे
मला वाटतं सगळे ग्लेन ग्लेन करतात पण वडीलधाऱ्यांसाठी टगॅनक धबधबा सरस आहे. इथाकाच्या पुढं, कायुगा सरोवराच्या काठाला. २१५ फूट, सरळ खाली पडणारा, म्हणजे नायगाऱ्याहून उंच. वर रस्त्यालगत पॉइंट आहे, गाडी लावली की समोर. आणि खालून जायची वाटही जवळजवळ सपाट आहे, पाऊण मैल. फक्त उन्हाळा कोरडा असेल तर पाणी बारीक असतं, हे आधीच सांगून ठेवा नाहीतर "एवढ्यासाठी आणलंत?" होतं.

बफलोकर
आणि लेचवर्थ पार्क विसरलात सगळे! कॉर्निंगहून नायगाऱ्याला जाताना सव्वा तासावर, वाटेतच म्हणा ना. जेनेसी नदीनं खोल घळ पाडलीये, तीन मोठे धबधबे, मधला १०७ फुटांचा. वरती कडेकडेनं गाडीरस्ता, दर थोड्या अंतरावर थांबायला जागा आणि दगडी कठडे. काका-काकूंना अर्धा दिवस गाडीतून फिरवा, पाय दुखायचा प्रश्नच नाही. नदीवरून रेल्वेचा पूल आहे, नवीन कमानीचा २०१७ चा, नशिबात असेल तर मालगाडी जाताना दिसते. माझ्या मते कॉर्निंग + लेचवर्थ + नायगारा, बस्स. इथाका म्हणजे उलटं जाणं.

अधिकउणे
उलटं कुठं, न्यू जर्सीहून येताना बिंगहॅम्टनवरून आधी इथाका, मग वॉटकिन्स ग्लेन, मग कॉर्निंगला मुक्काम. नकाशा काढून बघा.

बफलोकर
दिवसभर गाडी चालवून वर दोन धबधबे, त्यात ज्येष्ठ नागरिक. तुमचा उत्साह दांडगा आहे.

शेवचिवडा
भांडू नका हो :) सगळं लिहून घेतेय. लेचवर्थ जाताना, इथाका येताना, असं करता येईल का बघते. टपालपेटी, दुर्बिणीची तबकडी मी मुद्दामच आधी कुणाला सांगणार नाहीये.

आणि एक, बाबांना काच म्हटल्यावर इतका इंटरेस्ट का आला ते विचारलं, तर म्हणाले माझे काका ओगलेवाडीला होते ना. मला हे आजवर माहीतच नव्हतं. कराडजवळची ओगलेवाडी, जिथं ओगल्यांचा काच कारखाना होता, प्रभाकर कंदील तिथलेच. ते काका भट्टीवर होते, कंदिलाच्या काचा साच्यात फुंकायचे. बाबा लहानपणी डबा द्यायला जायचे. कारखाना बंद पडून जमाना झाला.

कुंडीतलीतुळस
आई गं, प्रभाकर कंदील! आमच्याकडं आजोळी माळ्यावर अजून आहे, काच फुटलेली.
काचेचा विषय निघालाच आहे तर तळेगावचा पैसाफंड काच कारखानापण आठवा. अंताजी दामोदर काळ्यांनी लोकांकडून एकेक पैसा गोळा करून निधी उभा केला, टिळकांचा पाठिंबा, १९०८ ला कारखाना सुरू. आणि बोरोसिलसुद्धा १९६२ ला ह्याच कॉर्निंग कंपनीच्या सहकार्यानं सुरू झालेलं. म्हणजे शाळेच्या प्रयोगशाळेत आपण फोडलेल्या चंचुपात्रांचं मूळ गाव हेच. बाबांना नक्की न्या.

जेवणाचं : कॉर्निंगला मार्केट स्ट्रीटवर पिझ्झा, सँडविच, थोडं आशियाई, असं मिळतं पण "साधं" जेवण मिळत नाही. मी मायक्रोवेव्ह-फ्रीजवाली खोली घेते, दशम्या, मेतकूट, तिखटमिठाच्या पुऱ्या घरून. गावातच वेगमन्सचं किराणा दुकान आहे, दही, फळं, तयार भात तिथं मिळतो, दहीभात झाला की आईबाबांचा दिवस चांगला गेला असं समजायचं. इथाकाला गेलात तर मूसवूड रेस्टॉरंट आहे, १९७३ पासूनचं, मुख्यतः शाकाहारी. माझ्या आईला तिथलं सूप आवडलं आणि ब्रेडवर ती म्हणाली की वातड आहे, भाकरीच बरी.

आणि हो, कोरेलची काचेची ताटं! ती कॉर्निंगलाच बनतात. आईला सांगू नका, बॅगेचं वजन हाताबाहेर जाईल.

कोकमसरबत
हॉटेल घेताना रेसचं वेळापत्रक बघा!! वॉटकिन्स ग्लेनला मोठा ट्रॅक आहे, १९६१ ते १९८० अमेरिकेची फॉर्म्युला वन तिथं व्हायची, अजूनही मोठ्या शर्यती होतात. त्या वीकेंडला आसपास खोल्या मिळत नाहीत, मिळाल्या तर भाव ऐकून बसायला होतं.

अधिकउणे
नऊ वर्षांच्या कार्ट्यासाठी हॅमंड्सपोर्ट. क्यूका सरोवराच्या टोकाला, कॉर्निंगहून अर्धा-पाऊण तास. ग्लेन कर्टिसचं गाव. ४ जुलै १९०८ ला त्यानं 'जून बग' विमान लोकांना आधी सांगून, सगळ्यांसमोर किलोमीटरभर उडवून दाखवलं आणि बक्षीस घेतलं. त्याचं म्युझियम आहे, विमानं, मोटरसायकली, जुन्या सायकली, पोरं रमतात. तिथली द्राक्षंही प्रसिद्ध, उतारावर मळे आहेत, सरोवर खोल असल्यामुळं थंडी जरा सौम्य राहते म्हणून वेली तगतात. आमच्या नाशिकच्या मामांनी मांडव बघून "तारा ढिल्या आहेत" असा शेरा दिला होता.

एल्मायराही जवळच आहे, वीस मिनिटं. मार्क ट्वेनची सासुरवाडी. त्याची लिहायची अष्टकोनी खोली कॉलेजच्या आवारात आणून ठेवलीये आणि कबर गावातल्या दफनभूमीत आहे. हाच माणूस १८९६ च्या जानेवारीत मुंबईला उतरला होता. बाबांना वाचायची आवड असेल तर न्या, नसेल तर सोडा.

शेवचिवडा
जाऊन आलो! उशीर झाला लिहायला, परत आल्यावर पोरीला ताप.

जाताना आय-८०, ३८०, ८१ आणि बिंगहॅम्टनपासून १७/८६, रस्ता इतका हिरवा की आई म्हणे कोयनेकडं चाललोय का. संध्याकाळी हरणं येतात रस्त्यावर, तेवढं सांभाळून.

दुपारी पोचलो आणि सरळ म्युझियम. आता हॉट ग्लास शोबद्दल, म्हणजे समोर काच फुंकून दाखवतात त्याबद्दल, जरा लिहिते, कारण त्याबद्दल इथं कुणीच नीट लिहिलं नाही. मोठी गॅलरी आहे पायऱ्यापायऱ्यांची, समोर भट्ट्या, कारागीर काम करतात आणि एकजण माईकवर सांगत असतो. भट्टी दोन हजार फॅरनहाइटच्या वर. कारागिरानं लांब नळी भट्टीत घालून फिरवली आणि टोकाला काचेचा गोळा घेऊन आला, पिवळा नारिंगी, हलतोय, नळी एक क्षण फिरवायची थांबली तर खाली ओघळेल. लोखंडी टेबलावर लाटला, फुंकला, मग बाकावर बसून एका हातानं नळी फिरवत दुसऱ्या हातात ओल्या वर्तमानपत्राची जाड घडी घेतली आणि तिच्यावर तो गोळा नुसता हातानं गोल केला. कागदातून वाफ आणि ठिणग्या, जळक्या कागदाचा वास आमच्यापर्यंत. म्हणजे त्याच्या तळहातात आणि त्या काचेत फक्त ओला पेपर!

आणि बाबा सुरू झाले. मोठ्यानं, मराठीत. "आता मान आवळणार बघ." आवळली. "आता दुसरी सळई खालून चिकटवणार." चिकटवली. "आता पाण्याचा थेंब टाकून टिचकी मारणार, मान तुटणार." मारली, तुटली, टिचकन आवाज आला. पुढच्या रांगेतली गोरी आजी वळून वळून बघायला लागली. माईकवाला जे इंग्लिशमध्ये सांगत होता ते बाबा त्याच्या आधी सांगत होते. माझ्या लेकीनं, हो त्याच, फोन खाली ठेवला आणि विचारलं आबा हाऊ डू यू नो धिस. मग तिला डब्याची सगळी गोष्ट. काकांच्या भट्टीवर पंखे नव्हते, उघड्या अंगानं काम, ओठ भाजायचे, आणि संध्याकाळी काचा मोजून मजुरी, फुटलेली धरायची नाही. पुढचा शोसुद्धा बघितला त्यांनी, आणि दुसऱ्या दिवशी परत पहिला. सलग दोन दिवसांचं तिकीट, टपालपेटी तुमचे आभार.

नंतरच्या मोठ्या पुराचा भाग तुम्ही लिहिला नव्हता. जून १९७२ ला ॲग्नेस वादळाच्या पावसानं नदीनं गाव बुडवलं, म्युझियममध्ये पाच फुटांवर पाणी. गाळातून एकेक वस्तू काढली, धुतली, जोडली, भिजलेली पुस्तकं खराब होऊ नयेत म्हणून गोठवून ठेवली, आणि ऑगस्टमध्ये दारं पुन्हा उघडली. कराडकरांना पूर काय सांगायचा, आई तिथं सगळ्यात जास्त वेळ उभी होती.

पोरानं स्वतः काचेची वस्तू करायचा स्लॉट घेतला. करून लगेच हातात मिळत नाही, रात्रभर सावकाश थंड करतात, दुसऱ्या दिवशी घ्यायची किंवा पोस्टानं मागवायची. एकाच दिवसात निघणाऱ्यांनी हे आधी विचारून घ्या. स्लॉटही आधीच बुक करा.

माँटूर फॉल्स हिट!! आई बाकावर बसली ती उठेचना, वर म्हणते नायगारा राहू दे. ग्लेन पहिल्या टप्प्यापर्यंत केलं, पाण्यामागं उभं राहून फोटो, आणि परत. बाबा आणि मुलं वर गेली. लेचवर्थ जाताना केलं, बफलोकर, छान आहे पण मुलं गाडीत कंटाळली, माझं मत विचाराल तर आईबाबा एकटे असतील तर लेचवर्थ, मुलं सोबत असतील तर ग्लेन. इथाका राहिलं.

एकच कुरकुर, हॉटेलवाल्यानं मायक्रोवेव्ह आहे असं फोनवर सांगितलं आणि तो निघाला खाली लॉबीत. दहीभात लॉबीत गरम केला, नंतर लॉबीत फोडणीचा वास.

टपालपेटी
वा! बाबांचं वाचून फार मजा आली. दुर्बिणीच्या तबकडीपाशी काय म्हणाले?

शेवचिवडा
"एवढी मोठी काच वाया गेली, मजुरी कुणाची कापली असेल?"

बफलोकर
हा हा हा! चार तास. मान्य.

कुंडीतलीतुळस
कोरेल आणलं का शेवटी?

शेवचिवडा
विचारू नकोस. सहा ताटं. तिच्या बॅगेतले तिळाचे लाडू आम्ही संपवल्यामुळं जागा आहे म्हणे.

नवखा_पिट्सबर्ग
धागा सगळा वाचला. आम्ही नाताळच्या सुट्टीत जायचं म्हणतोय, तेव्हा हे सगळं चालू असतं का?

कोकमसरबत
नाही हो. ग्लेनची दरीतली वाट साधारण नोव्हेंबरपासून मेच्या मध्यापर्यंत बंद असते, बर्फ आणि वरून दगड पडतात. टगॅनक वरच्या पॉइंटवरून दिसतो, गोठलेला असेल तर बघण्यासारखा. म्युझियम हिवाळ्यात उघडं असतं, पण ऐन ख्रिसमसच्या दिवशी बंद, तेवढं त्यांच्या साइटवर बघून घ्या.

टपालपेटी
आणि शक्य असेल तर नाताळ सोडून ऑक्टोबरचा दुसरा आठवडा धरा. डोंगर पेटलेले असतात, ग्लेन उघडं असतं, द्राक्षांची तोडणी चालू असते. गर्दी तेव्हाच असते, त्यामुळं खोली आत्ताच घेऊन ठेवा, आणि मायक्रोवेव्ह खोलीत आहे का हे दोनदा विचारा.